जेवणावरून न उठलेली माणसं

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातली ती खोली बघायला गेले, तेव्हा काका मला "बस" म्हणाले आणि स्वतः जिना चढून वर गेले. वरून ओरडून त्यांनी खोलीचे नियम सांगितले. खाली आले ते हातात पाना घेऊन. रेडिएटरचा नट आवळता आवळता माझं गाव विचारलं, आणि मी "पुणे" म्हणेपर्यंत मागच्या बागेत पोचलेसुद्धा. मी पर्स सावरत उठायला लागले, तर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "तू बस गं. त्यांच्यामागे फिरलीस तर चहा गार होईल."

काका साठी ओलांडलेले, पंपांच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. मूलबाळ नाही. वरची खोली ते मराठी मुलामुलींनाच देत. भाड्यापेक्षा श्रोता मिळावा हा त्यातला खरा हेतू, असा माझा संशय आहे. मी झुइडासला एका आयटी कंपनीत लागले होते, ऑफिस सायकलने जवळ, त्यामुळे त्यांना आयताच श्रोता मिळाला.

काका बसत नसत. गाडी चालवताना बसत, कारण तिथे इलाज नव्हता. एरवी चहा फेऱ्या मारत, पेपर खिडकीशी उभं राहून, आणि फोन आला की जिना वर-खाली. जेवायला बसले तरी खुर्चीच्या कडेवर, आणि दोन-चार घास झाले की त्यांना मिठाची, पाण्याची, मागच्या दाराच्या कडीची आठवण व्हायची. "झालं? चला, पुढचं बघू," हे त्यांचं वाक्य. सिनेमा असो, पाहुणे असोत, समुद्रावरचा सूर्यास्त असो, सगळ्याला हेच. काकू सांगायच्या, लग्नात एकमेकांना घास भरवताना त्यांनी उखाणा घेऊन जिलबीचा तुकडा पुढे केला, तर नवरदेव मांडवाचा जनरेटर का धडधडतोय ते बघायला गेलेले.

"मग घास कुणाला दिलात?" मी विचारलं.

"मीच खाल्ला. चांगली होती जिलबी."

अशा माणसाला वेड कशाचं असावं, तर अडीच हजार वर्षं एका जागी लोळून जेवणाऱ्या माणसांचं. इट्रस्कन हे नाव मी काकांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. रोमनांच्या आधी इटलीत नांदलेले लोक. त्यांची घरं गेली, ग्रंथ गेले, भाषाही कुणाला धड कळत नाही. उरली ती थडगी. एकदा कंपनीच्या कामासाठी काका रोमच्या वरच्या अंगाला एका बंदरात गेले होते. रविवारी काम बंद, म्हणून कुणीतरी त्यांना तार्क्विनिया गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. तिथे जमिनीखाली खोदलेल्या खोल्या, आणि खोलीखोलीत भिंतीवर मेजवानी रंगवलेली. पलंगावर उशीला टेकलेली जोडपी, हातात वाइनचे पसरट प्याले, बासरीवाले, नाचणारे. तेव्हापासून काका दर वर्षी गाडी काढून तिथे जात.

"अडीच हजार वर्षं झाली, अजून जेवणावरून उठलेले नाहीत लेकाचे!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "आणि बायको बघ कुठे आहे! शेजारी, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून, हातात प्याला घेऊन. ग्रीकांना हे बघून घाम फुटला होता. त्यांच्यात घरच्या बायका पंगतीला नसायच्या. आणि आमच्याकडे बघ."

मग हातातल्या कपाने ते स्वयंपाकघराकडे खूण करायचे. तिथे काकू ओट्याशी उभ्या राहून पोळी तव्यावरून उतरवत असायच्या. त्या आमच्याबरोबर कधी जेवल्या नाहीत. "तुम्ही घ्या गरम गरम, मी मागाहून बसते," एवढंच. काका हे दुःख येईल त्याला सांगायचे. दर वर्षी चल म्हणतो, एकदा बघ तरी म्हणतो, ही येत नाही.

"मेलेल्यांची घरं बघायला मी कशाला येऊ?" काकू म्हणायच्या. "आणि तुमच्यामागे पळणार कोण दिवसभर?"

मी मनातून काकांच्या बाजूची होते. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी मी. एवढा नवरा मागे लागलाय तर बसावं की बाईने शेजारी, असं मला वाटायचं.

दिवाळीत काका इट्रस्कन जेवण घालायचे. हूफडॉर्पपर्यंतची मराठी मंडळी वाइन मिळणार म्हणून यायची. इट्रस्कन लोक वाइन तशीच पीत नसत, मोठ्या भांड्यात पाणी घालून कालवत, गाळत आणि मग सगळ्यांना सारखी वाढत. म्हणून काकांनी चांगल्या लाल वाइनच्या बाटल्या पातेल्यात रिकाम्या केल्या, पाणी घातलं, मध घातला, चहाच्या गाळणीने गाळून पळीने स्टीलच्या वाट्यांत वाढली. इथवर ठीक होतं. पण त्या थडग्यांत किसण्याही सापडल्यात, म्हणजे ते वर चीज किसून घेत असणार, असं म्हणत काकांनी वाटी-वाटीवर जुनं डच चीज किसलं.

"काका, तुम्ही वाइनचं वरण केलंत," हूफडॉर्पचा एक जण म्हणाला.

"एकाला घट्ट, एकाला पातळ असं चालत नाही," काका म्हणाले. "पंगतीत सगळ्यांना सारखीच चढली पाहिजे. ही संस्कृती आहे." आणि पळी घेऊन पुढच्या खोलीत गेले. पाहुणे बसलेले, काकू वाढतायत आणि एकत्र बसून पिण्याची महती सांगणारा माणूस घरभर फिरतोय, यातली गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. निदान माझ्या तरी नाही.

बागेतही तेच. ते लोक द्राक्षाची वेल मांडवावर न चढवता जिवंत झाडावर चढवत. इटलीत तिला अजून लग्न लावलेली वेल म्हणतात. काकांनी सफरचंदाच्या झाडाशी वेलीचं लग्न लावलं, तेही टॉवेलचा अंतरपाट धरून. पुढच्या वर्षी तिथे ऊन पुरत नाही म्हणून वेल उपटून नासपतीला बांधली, त्याच्या पुढच्या वर्षी कुंपणाला. "एका जागी राहू द्या की तिला, मग धरेल," काकू म्हणायच्या. चार घोस धरले ते इतके आंबट की काकूंनी त्यांचं लोणचं घातलं. लोणचं मात्र फर्मास झालं होतं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत काकू पुण्याला गेल्या. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तीन आठवड्यांनी परत येणार होत्या, आणि तेवढ्यात जग बंद झालं. माझं ऑफिस वरच्या खोलीत आलं. खाली काका एकटे. दिवसभर त्यांच्या पावलांचा आवाज माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जायचा. माझा डच मॅनेजर विचारायचा, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?

जेवणं आम्ही एकत्र करायला लागलो. इथल्या रिवाजाने सहालाच, म्हणजे पुण्यात साडेनऊ. काका टॅबलेटवर काकूंना व्हिडिओ कॉल लावायचे. सुरुवातीला तो हातात घेऊन घरभर फिरायचे. "मला एका जागी ठेवा हो, चक्कर येते," काकू ओरडायच्या. मग मी टॅबलेट मिठाच्या डब्याला टेकवून काकांच्या खुर्चीसमोर ठेवायला लागले. कॉल चालू, काकूंचा चेहरा स्क्रीनवर, काका बागेतून, जिन्यातून, फ्रीजमागून बोलतायत, आणि काकूंच्या समोर खुर्ची. नुसती खुर्ची.

जूनमध्ये परतीची विमानं मिळायला लागली. काकूंचं कारण आधी बहिणीचा गुडघा होता, मग पाऊस, मग मास्क लावून दहा तास कसं बसायचं. काका रोज विचारायचे, "कधी येतेस?" काकू रोज म्हणायच्या, "बघू." काकांचे फेरे वाढले. मध्येच ते इथल्या इमिग्रेशनच्या ऑफिसला फोन करून काकूंच्या रहिवासी कार्डाची मुदत विचारायचे, जणू त्या कार्डामुळेच सगळं अडलं होतं.

एकदा कॉल चालू ठेवून ते पंक्चर काढायला गेले, ते आलेच नाहीत. मी आणि काकू उरलो.

"काकू, खरं सांगा. येणार आहात ना?"

पलीकडे ताटात हात होता त्यांचा. शेजारी त्यांची मोठी बहीण, ताई, भाताचे घास करत होत्या, सावकाश.

"सगळ्यांना वाटतं मी जुन्या वळणाची आहे," त्या म्हणाल्या. "अगं, मी बसायचे सुरुवातीला. माझं ताट घेऊन टेबलाशी आले, की दोन घास व्हायच्या आत हे उठलेले. समोर खरकटं ताट आणि रिकामी खुर्ची. तिच्याशी काय बोलायचं? त्यापेक्षा ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटलेल्या बऱ्या. निदान काम तरी होतं. इथे ताई माझं होईपर्यंत उठत नाही गं. इतकं साधं आहे. मला सोडवत नाहीये."

"हे त्यांना सांगितलंत?"

"ऐकायच्या आत उठतील. तू सांग हवं तर."

मला त्या दिवशी काकांचा असा राग आला की मी रात्रीची भांडी मुद्दाम आपटत घासली. जगभरच्या थडग्यांतल्या बायकांचं कौतुक, आणि घरातली बाई चाळीस वर्षं भिंतीशी बोलतेय!

जूनमध्ये सीमा उघडल्या आणि जुलैत काकांनी गाडी काढली. "तू चल," म्हणाले, "मला लांबच्या रस्त्यावर डोळा लागतो हल्ली." काकूंनीही फोनवर सांगितलं, जा बरोबर, ते थांबणार नाहीत कुठे. मी चार महिने एका खोलीत काढले होते. कुणी नरकात नेलं असतं तरी गेले असते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. हायवेवरच्या थांब्यांवर काकांनी त्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत खाल्ल्या.

तार्क्विनियाची टेकडी रखरखीत होती. कापलेली शेतं आणि मध्ये मध्ये छोट्या खोल्या, आपल्याकडे विहिरीवर मोटारीची खोली असते तशा. आत शिरलं की खोल उतरणाऱ्या पायऱ्या. तळाशी काचेचं बंद दार आणि शेजारी बटण. दाबलं की आत दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. करोनामुळे सगळ्या टेकडीवर आम्ही दोघं आणि दारातली तिकीटवाली बाई.

काका धावतच सुटले. पहिल्या थडग्यात बटण दाबलं, मास्कमधून भराभर सांगितलं, हे मासे, हा पोहणारा, हा प्याला बघ, पाण्यात कालवलेली वाइन आहे यात, "झालं? चला, पुढचं बघू." दुसऱ्यात तसंच, तिसऱ्यात तसंच. मी काचेला नाक लावेपर्यंत ते वर पोचलेले असायचे. एवढी वर्षं येत होते, पण दिवा विझेपर्यंत या माणसाने एकही चित्र पाहिलं नसणार, हे मला तेव्हा कळलं.

एका थडग्यात मी हललेच नाही. समोरच्या भिंतीवर जोडपं होतं. तांबूस रंगाचा पुरुष, गोरी बाई, दोघं एकाच पलंगावर. त्याचा हात तिच्या खांद्यामागे. ती काहीतरी बोलतेय आणि तो ऐकतोय. मेजवानी चाललीय, नाच चाललाय, आणि त्याचं लक्ष फक्त तिच्याकडे.

"अगं चल, अजून पुष्कळ आहेत," वरून काकांचा आवाज.

"काका, खाली या."

"बघितलंय मी ते."

"नाही बघितलंत. खाली या आणि बसा इथे."

माझा आवाज चढला होता. काका उतरले. पायरीवर बसले, माझ्यापासून दीड मीटर सोडून, तेवढं त्या वर्षी अंगात भिनलं होतं. मी बटण दाबलं आणि काकू जे बोलल्या होत्या ते सगळं सांगून टाकलं. ओट्याचं, खुर्चीचं, ताईंचं. "त्या तुमच्याबरोबर जेवत नाहीत असं तुम्ही सांगत फिरता. कुणाबरोबर जेवणार त्या? तुम्ही असता कुठे? आता परत यायला त्यांना कारण उरलेलं नाहीये."

काका भिंतीकडे बघत होते. दिवा विझला. बटण त्यांच्या हाताशी होतं, पण त्यांनी दाबलं नाही. अंधारात त्यांचा मास्क तेवढा दिसत होता.

"असं म्हणाली?"

"हो."

"मला वाटलं तिला उभं राहायला आवडतं," ते म्हणाले. त्यात सोंग नव्हतं. खरंच तसं वाटत होतं त्यांना, आणि म्हणून मला आणखीच वाईट वाटलं.

मुक्काम जवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होता. काका दर वर्षी त्याच्याकडून वाइन घेत आणि उभ्या उभ्या निघत. त्याच्या बांधावर अजून झाडांवर चढवलेल्या वेली होत्या, शिडी लावून द्राक्षं काढायची. संध्याकाळी त्याने त्यांच्याखाली टेबल मांडलं. घरची लाल वाइन, थोडी तुरट, पाव, शेंगांची भाजी. काका बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. टेबलाखाली त्यांचा पाय इतका हलत होता की सगळ्यांच्या ग्लासांतली वाइन थरथरत होती. दोनदा उठले, स्वतःच ओशाळून परत बसले. शेतकऱ्याच्या बायकोने मला खुणेने विचारलं, यांना कुठली गाडी पकडायचीय का?

परत आल्यावर काकांनी बसण्याचा सराव सुरू केला. पंप दुरुस्त करावा तसा. टेबल ओढून भिंतीला लावलं, स्वतः आतल्या बाजूला बसले आणि बाहेरच्या खुर्चीवर मला बसवलं. "मी उठायला लागलो तर हलू नकोस." पहिल्या आठवड्यात मला दोनदा ओलांडून गेले. मग जमायला लागलं. हिवाळ्यात एके दिवशी ते पूर्ण जेवणभर टॅबलेटसमोर बसून राहिले. मठ्ठा संपेपर्यंत.

काकूंनी स्क्रीनमधून जवळ येऊन बघितलं. "बरं नाही का तुम्हाला? ताप आहे का?"

काकांचा चेहरा पडला. मला ओलांडून गेले. नऊपर्यंत बाहेर चालत राहिले, आणि त्यानंतर बाहेर पडायला बंदी होती तेव्हा, त्यामुळे मग जिनाच वर-खाली करत राहिले. मी दार लावून घेतलं. दोघांचंही काही करता येत नाही असं वाटून मला रडू आलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं. स्वतःचं, पुण्याचं. "तिला बोलावतोय इतके दिवस," म्हणाले, "मीच का नाही जात?" विमानात दहा तास कसे काढणार, असं विचारल्यावर म्हणाले, "आतली, खिडकीची सीट घेतलीय."

पुण्यात ते पोचले आणि महिन्या-दीड महिन्यात दुसरी लाट आली. ताईंना त्यांचा मुलगा नाशिकला घेऊन गेला होता. घरात ही दोघंच, आणि काकूंना करोना झाला. काकांचे मला फोन यायचे ते तोकडे, एकाच जागेवरून. ऑक्सिजन ठीक आहे. ताप आहे. हॉस्पिटलात जागा नाही म्हणतात. मी इथून काय करणार होते? त्यांच्या बागेला पाणी घालायचे आणि फोनकडे बघत बसायचे.

ताप उतरला, पण काकूंची चव आणि वास गेला तो येईना. अन्न समोर आलं की त्या तोंड फिरवायच्या. वजन झरझर उतरलं. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर सलाइन लावायला न्यावं लागेल, आणि कुठे न्यायचं ते मला विचारू नका. काका घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं ऐकलं.

"मऊ भात करतो," ते म्हणाले. "तिच्यासमोर माझं ताट घेऊन बसतो. ती एक घास घेते, मग मी एक घेतो. ती थांबली की मी थांबतो. मी उठलो तर ती खाणार नाही."

"किती वेळ लागतो?"

"लागतो तेवढा."

मे महिन्यात एकदा काकूंचा फोन आला. आवाजात पुष्कळ जीव आला होता. काका औषधं आणायला खाली गेले होते.

"तास तास बसतात गं," त्या म्हणाल्या. "भात गार होतो, तरी नाही उठत. काल मीठ घालायला विसरले होते. डबा तिथे ओट्यावर, पण उठले नाहीत. आळणीच खाल्लं. आणि तुला सांगते, त्यांना दुधी आवडत नाही! चाळीस वर्षं मी दुधी करतेय. आता समोर बसून खाताना बघितलं तेव्हा कळलं, प्रत्येक फोडीला डोळे मिटतात."

मी इतकी हसले की मला बोलता येईना. मग विचारलं, "आणि तुमचं काय? तोंडाला चव आली का काही?"

"कुणाला सांगणार नसशील तर सांगते," काकू हळूच म्हणाल्या. "आठवडा झाला चव येऊन. परवा ह्यांनी आंबा कापला, तर मला दारापलीकडून वास आला. तरी मी तोंड वाकडं केलं."

तेवढ्यात त्यांच्याकडे कडी वाजली, पिशवी ठेवल्याचा आवाज आला आणि काकांनी काहीतरी विचारलं.

"नाही हो," काकू खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "आजही काही लागत नाहीये."

आणि मला फोनमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकू आला.